हळदीच्या दिवशी घेतलेली सुई

माझ्या धाकट्या बहिणीवर मी जळते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कोणी मला भोळी समजायला नको. ती वाईट असती तर एकदा कडाडून भांडून मोकळी झाले असते. पण ती चांगली आहे, आणि चांगल्या माणसावर जळण्यासारखा दुसरा ताप नाही. चारचौघींत सांगायचीही सोय नाही.

आमचं माहेर सातपाटीचं, होडीवाल्यांचं. मला दिलं तेही सातपाटीतच, दोन आळ्या सोडून. धाकटीला दिलं बोईसरला. तिचा नवरा कारखान्यात, दारापाशी शिफ्टची बस, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, खिडकीत तुळस. मी रोज सकाळी मासळीची पाटी घेऊन त्याच बोईसरला जाते, बाजारात ओल्या फळीमागे बसते आणि दुपारी उन्हातून परत येते. दुपारी ती झोपलेली असते. बघा, सुरुवातच झाली माझी.

आमची आयही माझ्यासारखी पाटीवालीच, पण लग्नांत ती धवलारीण होती. लग्नातले धवळे म्हणते ती धवलारीण. हळदीच्या दिवशी मांडवात तिने आधी देव बोलवायचे, मग त्या घरातली मेलेली माणसं बोलवायची, तेव्हा कुठे नवरीच्या अंगाला हळद लागायची. आयचा आवाज गोड वगैरे मुळीच नव्हता. खाडीच्या या काठावरून त्या काठाला हाक पोचेल असा होता. आणि तिची स्वतःची एक रीत होती. मेलेल्या प्रत्येक माणसासाठी ती एक ओळ बांधायची. ते माणूस गेल्यावर त्या घरात पहिलं लग्न निघेल, त्या दिवशी मांडवात ती ओळ पहिल्यांदा म्हणायची. त्याआधी कोणाला ऐकवायची नाही. आमच्या आज्याला ती ‘सुकाणू सोडून ये’ म्हणून बोलवायची, बाबाला ‘जाळं वाळत घालून ये’. एकदा ओळ बांधली की ती कायमची, पुढच्या सगळ्या लग्नांत त्या माणसाला त्याच ओळीने आमंत्रण.

हे सगळं तिने मला शिकवलं, मी मोठी म्हणून. मी ओळ म्हणायचे, धाकटी मागून झेलायची. तेव्हा सगळं जिथल्या तिथे होतं.

मग आयला लकवा झाला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, डोळा मिटेना. बोलायची, पण शब्द सगळे एकमेकांत कालवून यायचे. डॉक्टर जवळ पडतो म्हणून धाकटीने तिला बोईसरला नेलं. “तू पाटीवर जातेस, दादा होडीवर, वयनीला दमा. मी घरीच हाय ना,” म्हणाली. यात खोटं काय होतं? काहीच नव्हतं. तरी माझ्या पोटात दुखलं ते दुखलंच.

दोन वर्षं आय तिच्याकडे होती. बाजार आटोपला की मी जिने चढून जायचे, अंगाला मासळीचा वास, हातात आयसाठी राखून ठेवलेले बोंबील. मला बघून आय खुलायची, काहीतरी भडाभडा बोलायची, आणि मला त्यातलं एक अक्षर कळायचं नाही. मी धाकटीकडे बघायचे. ती भाकर थापता थापता, मान वर न करता सांगायची, “आय म्हणते, बोंबील ताजे हायत, पण काल का नाय आलीस?” माझ्या आईचं बोलणं मला दुसऱ्या बाईने समजावून सांगायचं! मी वरवर हसायचे, आणि जिना उतरताना दात असे आवळायचे की कानापर्यंत कळ जायची.

तिथेच, त्या तिसऱ्या मजल्यावर आय गेली. जन्मभर जिच्या उशाशी समुद्र होता, ती बाई कारखान्याच्या भोंग्याच्या आवाजात गेली. मी पोचले तेव्हा तिचे डोळे मिटून झाले होते. तेही धाकटीनेच मिटले.

यंदा दादाच्या मुलीचं लग्न ठरलं. आमची लाडकी भाची. आय गेल्यानंतर माहेरातलं हे पहिलंच लग्न, म्हणजे आयची ओळ आता बांधायची होती. ती मी बांधली. बाजारात गिऱ्हाईक नसेल तेव्हा, मासळीवर पाणी मारता मारता, ओठांतल्या ओठांत घोळवून घोळवून बांधली. नवऱ्याला नाही सांगितली, वयनीला नाही, आणि धाकटीला तर मुळीच नाही. मनात म्हटलं, दोन वर्षं आय तुझी होती ना? आता ही ओळ माझी. मांडवात आयला हाक मीच मारणार, आणि तू ती मागून झेलणार.

आणि नेमका तेव्हाच जबडा धरला.

मासळीवालीचे हात सदा ओले आणि खवल्यांनी भरलेले. त्यामुळे पिशवी उघडायची दाताने, गाठ ओढायची दाताने, नोटसुद्धा क्षणभर दातातच धरायची. आयुष्यभर तोंडाचा तिसरा हात केलेला. त्यात झोपेतही मी दात खायचे. “घुशी लागल्यात असं वाटतं,” नवरा म्हणायचा. आधी उजव्या कानासमोर कट्ट वाजायला लागलं. मग गाल दुखायला लागला, मग कानशील. एके सकाळी भाकरीचा घास घ्यायला गेले तर तोंड बोटभर उघडून तिथेच अडलं. बाजारात हाक मारता येईना. गिऱ्हाइकं विचारायला लागली, “मावशी, आज आवाज कुठे गेला?” दाढ असेल, वात असेल, दृष्ट लागली असेल, जो तो आपापलं सांगत होता. वयनीने गरम मिठाची पुरचुंडी दिली. तिने गाल तेवढा भाजला.

शेवटी पालघरचा दवाखाना कोणी शोधून काढला? धाकटीनेच. तिच्या शेजारणीचा जबडा तिथे बरा झाला होता. मी नको म्हणायच्या आत ती रिक्षा घेऊन हजर.

पालघरातून कोळगावला कलेक्टर कचेरीकडे जातो त्या रस्त्यावर तो दवाखाना आहे. डॉक्टरीणबाई तरुण, देशावरची, बोलायला मोकळी. तिने माझं तोंड उघडून दाढा ठोकून बघितल्या आणि मग बाहेरून गालावर अंगठा दाबला. कळ थेट कानशिलात गेली. “आई गं!” मी ओरडले.

“दाढ उत्तम आहे मावशी,” ती म्हणाली. “सांधा थोडा कुरकुरतोय, पण खरं दुखणं या गालाच्या स्नायूत आहे. दिवसरात्र आवळून आवळून त्याच्यात गाठ झालीये. एवढे दात कोणावर आवळता?”

जिच्यावर आवळत होते ती माझी पर्स धरून शेजारी उभी होती. मी काय सांगणार? म्हटलं, “सवय हाय.”

दाढ काढताना बधिर करायचं औषध देतात ना, तेच ती बारीक सुईने त्या गाठीत सोडणार होती. मी म्हटलं, औषध उतरलं की दुखणं परत येणारच ना? ती म्हणाली, “औषध उतरेल, पण तेवढा वेळ स्नायू ढिला पडतो. दुखतंय म्हणून आवळायचं आणि आवळलंय म्हणून दुखायचं, हे चक्र तुटतं. पुढे शेक, व्यायाम, मऊ खाणं, आणि पिशव्या दाताने फाडायच्या नाहीत.” सुई गाठीत शिरली तेव्हा नेमकी माझी नेहमीची कळ उठली. “हीच ती!” मी म्हटलं. मग गाल जड झाला, आणि हळूहळू दुखणं ओसरलं. डॉक्टरीणबाईने माझीच बोटं एकावर एक धरून माझ्या तोंडात उभी केली. तीन बोटं मावली! इतके दिवस जेमतेम एक मावत होतं. मी तिथेच खुर्चीत बसून “बोंबीऽऽल” अशी हाक दिली. बाहेर बसलेले पेशंट डोकावून बघायला लागले. धाकटीने तर टाळ्याच वाजवल्या.

येताना रिक्षात ती माझ्या मांडीवर हात ठेवून म्हणाली, “ताय, तू काळजी करू नको. तुला नाय जमलं तर मी हाय. हलद अडणार नाय.”

तिच्या मनात काही नव्हतं, आज मला कळतं. पण त्या क्षणी माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या! म्हटलं, ही वाटच बघतेय. आय घेतली, आता मांडवही घेते की काय?

पुढच्याच आठवड्यात तिच्याकडे पापलेट द्यायला गेले. दुसऱ्या मजल्यावर पोचले तोच वरून आवाज आला. धाकटी धवळे म्हणत होती. देव बोलवून झाले होते, आज्यापर्यंत आली होती. एकही शब्द चुकत नव्हता. आणि आवाज? माझ्यापेक्षा गोड. अहो, शंभरपट गोड! मी जिन्यात उभी राहून ऐकलं आणि अंगाचा तिळपापड झाला. वर गेले तर ही गप्प. “काय म्हणत होतीस?” विचारलं तर “कुठं काय, असंच.” पापलेट ओट्यावर आपटून मी खाली उतरले. दुसऱ्या दिवशी तोंड पुन्हा दोन बोटांवर आलं.

डॉक्टरीणबाईने आणखी एकदा सुई दिली. आराम पडला. पण हळदीच्या दिवशी सकाळी उठले तर गाल पुन्हा ओढलेला. मग मी हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. कोणाला न सांगता एकटी पालघरला गेले. विचार असा की सुई घ्यायची आणि सुन्न गालाने बिनदुखत सगळे धवळे म्हणून टाकायचे. दोन्ही वेळी सुई घेतल्याबरोबर आवाज सुटला होता ना? मग आज का नाही सुटणार?

“आज जरा जास्त वेळ टिकणारं औषध द्या,” मी म्हटलं. “आणि गालातच नको, कानापाशी सांध्यातपण द्या. तिथंपण ठणकतं.”

तिने माझ्या हातातल्या नव्या हिरव्या बांगड्यांकडे बघितलं. “घरात कार्य आहे का मावशी? असेल तर आज नको. कानापाशी चेहऱ्याची नस असते. क्वचित औषध तिच्यावर पसरतं, मग काही तास तोंड वाकडं होतं, डोळा मिटत नाही. आपोआप उतरतं, पण कार्यात कशाला उगाच?”

“कार्य कसलं? काय नाय,” मी धडधडीत खोटं बोलले. “द्या तुमी.”

ते क्वचित माझ्याच वाट्याला यायचं होतं. पाणी प्यायला पेला लावला आणि पाणी उजव्या कोपऱ्यातून सरळ छातीवर. डोळा मिटेना. डॉक्टरीणबाईने लगेच ओळखलं, मला आडवं केलं, डोळ्यात मलम घालून वर पट्टी चिकटवली. “घाबरू नका, रात्रीत नाहीतर सकाळपर्यंत उतरेल,” म्हणाली. मी विचारलं, “गाता येईल ना?” ते तिला दोनदा विचारावं लागलं, तेव्हा कळलं. मग तिचाच चेहरा पडला. “गायचं होतं? मावशी, मला सांगायचं ना!”

गणपती करायला गेले आणि मारुती झाला. तोंडावर पदर धरून माहेरी पोचले. मांडवात बायका जमलेल्या, पाटावर भाची बसायच्या तयारीत. वयनीने पदर ओढला आणि किंकाळीच फोडली, “अगो बाय, हिलापण लकवा झाला!” धाकटी आतून धावत आली. माझ्याकडे बघितलं आणि जागच्या जागी थिजली. मांडवाचा खांब धरून उभी राहिली.

मी जीव तोडून सांगत होते की लकवा नाही, सुई घेतली, उतरेल. कोणाला काही कळेना. “काय म्हणते? काय म्हणते?” एकच गलका.

“सुई घेतली म्हणते,” धाकटी खांबापासून म्हणाली. “सकाळपर्यंत उतरेल म्हणते. रडू नका म्हणते.”

तेव्हा माझ्या लक्षात काही आलं नाही. मला एवढंच दिसत होतं की धवळे आता हीच म्हणणार.

आणि तिने म्हटले. मला तिच्या शेजारीच बसवलं होतं. देव एकेक करून आले. बायका डोलायला लागल्या. कोणीतरी मागे कुजबुजलं, “काय गोड गळा हाय गो हिचा!” माझ्या वाट्याचं कौतुक माझ्या डोळ्यांदेखत दुसरीच्या ताटात पडत होतं आणि मी वाकड्या तोंडाने लाळ पुसत होते. खोटं कशाला सांगू, ती एकदा तरी चुकावी म्हणून मी देवाला साकडं घातलं. त्याच देवांना, ज्यांना ती बोलवत होती.

आज्याला बोलवलं. बाबाला बोलवलं. आता आय. आणि धाकटी थांबली.

वयनी हळदीची वाटी धरून उभी. आय आल्याशिवाय हळद लागणार नव्हती. एक म्हातारी म्हणाली, “अगो, म्हण काहीतरी तूच. तुझीपण आयच ती.”

“नाय,” धाकटी म्हणाली. “आयची ओळ तायने बांधली हाय. माझ्याकडं नाय ती.” आणि उठून माझ्यासमोर येऊन बसली, गुडघ्याला गुडघा लावून. “ताय, दे गो.”

म्हणजे त्या दिवशी जिन्यात ऐकलं तेव्हाही ती बाबापर्यंतच जाऊन थांबणार होती. आयची ओळ तिने बांधलीच नव्हती. मोठीची म्हणून ठेवून दिली होती.

तरी माझ्या मनात आलं की देऊ नये. तोंड सुन्न आहे, निमित्त आयतं आहे, कोण काय म्हणणार? पण मग आय डोक्यावर पाटी घेऊन मांडवाबाहेर ताटकळत उभी दिसायला लागली. नातीच्या हळदीला आलेली, आणि बोलवलं नाही म्हणून दारात अडलेली. मी ओळ दिली. दिली म्हणजे काय, उजव्या कोपऱ्यातून लाळ गळत होती, शब्द सगळे एकमेकांत कालवलेले. वयनी खाली वाकून “काय? काय?” करत होती. माझं मलाच कळत नव्हतं.

धाकटी नुसती माझ्या तोंडाकडे बघत होती. माझं संपलं तेव्हा तिने पदराने माझा ओठ पुसला, आणि तिथेच बसून, माझ्या डोळ्यात बघत, म्हटलं:

*डोईची पाटी उतरव आये, मांडवाच्या दारी,*
*नात बसली हलदीला, ये गो आमचे घरी.*

शब्द न शब्द बरोबर. फक्त मी ‘माझे घरी’ म्हटलं होतं, ते तिने ‘आमचे’ केलं. ते मात्र मला लगेच कळलं. मग भाचीला हळद लागली.

बायका जेवायला बसल्या तेव्हा धाकटी मला आत घेऊन गेली. पेज भरवली. चमचा कुठल्या कोपऱ्यातून घालायचा, हनुवटी किती वर धरायची, किती थांबायचं, मला काही सांगावं लागलं नाही. मी काही पुटपुटले की ती लगेच उत्तर द्यायची. इतकं गोड ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. “अजून एक घास. शाणी ना गो तू,” म्हणायची. मी लहान मुलीसारखी आ करायचे. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच मला तिचा राग आला नाही. वाटलं, बघ, शेवटी बहीण ती बहीण. माझ्यासाठी किती करते!

सकाळी उठले तर गाल हलका होता. पट्टी काढली, डोळा मिटून बघितला, मिटला. चूळ भरली, पाणी आतच राहिलं. तेवढ्यात धाकटी बशीत चहा आणि चमचा घेऊन आली.

“उतरलं गो!” मी खणखणीत आवाजात म्हटलं.

ती दारातच थांबली. माझ्याकडे बघत राहिली. मग बशी खाली ठेवली आणि भिंतीला टेकून मटकन बसली.

“गेली गो ताय,” म्हणाली.

“काय गेलं?”

“आय. काल आली होती. तुझ्या तोंडावर. तोच डोळा, तोच ओठ. बोललीपण तशीच.” आणि हुंदके देऊन रडायला लागली.

तेव्हा मला कळलं की कालची पेज माझी नव्हती, ते लाडही माझे नव्हते. आणि परत तीच कळ उठली, कानापासून काळजापर्यंत. इतकी वर्षं मी आयसाठी जळले, आणि काल आय आली, तीही माझ्याच तोंडावर, आणि भेटली पुन्हा हिलाच! मी तर साधा आरसासुद्धा बघितला नव्हता.

पण तिचं ते रडणं बघवेना. मी तिच्यासमोर बसले आणि तोंड वाकडं करून बघितलं. ओठ खाली ओढला, डोळा ताणला. जमेना.

“तशी नाय गो,” ती रडता रडता हसली. तिने हात पुढे केला आणि अंगठ्याने माझा गाल हळूच खाली ओढून धरला. “अशी.”

“तसाच धरून ठेव, सोडू नको,” मी म्हटलं, आणि तिला तशीच ओढत वयनीच्या कपाटाच्या आरशापाशी घेऊन गेले.